शेकी आणि हललेली पेटी

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात मुलीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होते. हल्ली शाळांमधून रोबोटिक्स शिकवतात. तिच्या गटाने एक छोटी गाडी तयार केली होती. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळी पट्टी रंगवलेली आणि गाडीच्या पोटाखाली दोन डोळे. पट्टी डावीकडे वळली की गाडी डावीकडे, उजवीकडे वळली की उजवीकडे. घरी बसायच्या खोलीत ती गाडी निदान पन्नास वेळा तरी फिरली असेल. एकदाही चुकली नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी त्यांचे टेबल खिडकीजवळ आले. चार दिवस सूर्य दिसला नव्हता, तो नेमका परीक्षक आले तेव्हा दिसला. उन्हाची तिरीप पुठ्ठ्यावर पडली, गाडीला काळे-पांढरे कळेना, आणि ती सरळ टेबलाच्या कडेवरून खाली गेली. मुलगी घरी येईपर्यंत काही बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "बाबा, प्रोग्रॅम बरोबर होता."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी कला शाखेचा पदवीधर, इतिहास घेऊन बी. ए. झालेला, आणि पोटासाठी सरकारी कारकून. यंत्रातले मला फारसे कळत नाही. पण "योजना बरोबर होती, तरी काम फसले" ही तक्रार मी नोकरीत आणि घरात इतक्या वेळा ऐकली आहे, आणि केलीही आहे, की यंत्रमानवांच्या बाबतीत या तक्रारीचा इतिहास काय आहे हे शोधावेसे वाटले. शोधता शोधता एका थरथरणाऱ्या यंत्राची गाठ पडली. त्याचीच ही गोष्ट.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात मेन्लो पार्क नावाचे गाव आहे. तेथल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९६६ साली एक प्रकल्प सुरू झाला. पैसा अमेरिकन संरक्षण खात्याच्या संशोधन शाखेचा. चार्ल्स रोझेन हे त्या गटाचे प्रमुख, आणि निल्स निल्सन, बर्ट्रम राफेल, पीटर हार्ट, रिचर्ड फाइक्स असे संशोधक त्यांच्याबरोबर. त्यांना असे यंत्र हवे होते की त्याला फक्त "काय करायचे" ते सांगावे, "कसे करायचे" ते त्याने स्वतः ठरवावे, आणि ठरवून झाल्यावर करूनही दाखवावे.

कारखान्यात तोपर्यंत यंत्रहात आलेले होते. जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९६१ पासून युनिमेट नावाचा हात तापलेले सुटे भाग उचलून ठेवत होता. पण त्या हाताला जगाची काही पडलेली नव्हती. भाग ठरल्या जागी असला तर उचलला जाणार, नसला तर हात हवेत मिटणार. सगळी जबाबदारी त्याच्यापुढे भाग नेमका आणून ठेवणाऱ्यांची. रोझेन आणि मंडळींना याच्या उलट हवे होते. जग जसे असेल तसे, यंत्राने त्यात निभावून न्यायचे.

त्यांनी बनवलेले यंत्र दिसायला काही देखणे नव्हते. खाली चाके, वर खोक्यासारखा विजेच्या सामानाचा डोलारा, त्याच्यावर एक टीव्ही कॅमेरा आणि अंतर मोजायचे साधन, आणि खाली चहूबाजूंनी मांजराच्या मिशांसारख्या तारा. कशाला धडक बसली की या तारांमुळे ते कळायचे. मेंदू मात्र अंगावर नव्हता. तो दुसऱ्या खोलीतल्या भल्यामोठ्या संगणकात होता आणि दोघांची बोलणी रेडिओवरून चालत. नाव काय ठेवावे यावर बराच खल झाला म्हणे. शेवटी हे चालताना इतके थरथरते आहे तर "शेकी"च म्हणू या, असे ठरले. थरथऱ्या! आपल्याकडे पोराला दगडू, धोंडू म्हणत, त्यातलाच प्रकार.

शेकीचे जग म्हणजे काही खोल्या, त्यांना जोडणारी दारे आणि खोल्यांतून ठेवलेल्या मोठमोठ्या पेट्या. भिंतीच्या तळाला गडद रंगाची पट्टी होती, म्हणजे भिंत कोठे संपते आणि जमीन कोठे सुरू होते हे कॅमेऱ्याला दिसावे. इतके सोपे जग! आणि तरीही पुढची पन्नास वर्षे यंत्रमानववाल्यांना पुरतील इतक्या अडचणी या खोल्यांतून निघाल्या.

पहिली अडचण योजना करण्याची. १९७१ साली फाइक्स आणि निल्सन यांनी "स्ट्रिप्स" नावाची पद्धत प्रसिद्ध केली. ती वाचताना मला आमची कचेरीच आठवली. प्रत्येक कृतीला तीन गोष्टी जोडलेल्या असतात. कृती करण्याआधी काय खरे असायला हवे, कृतीनंतर काय नव्याने खरे होते, आणि काय खोटे ठरते. रहिवासी दाखला घ्या. अर्ज आलेला असावा, कागदपत्रे जोडलेली असावीत, तलाठ्याचा अहवाल असावा, या पूर्वअटी. दाखला दिला की "दाखला मिळाला" हे खरे होते आणि "अर्ज प्रलंबित" हे खोडले जाते. आता समजा कोणाला घराचे काम करायचे आहे. त्याला परवाना हवा, परवान्याला दाखला हवा, दाखल्याला अहवाल हवा. उद्दिष्टापासून मागे मागे जात साखळी जुळवायची. शेकी हेच करत होता. पेटी त्या खोलीत न्यायची, तर आधी पेटीपाशी असायला हवे, पेटीपाशी असायचे तर आधी तिच्या खोलीत असायला हवे, खोलीत जायचे तर दार कोठे आहे ते पाहू.

यात एक गृहीत मात्र लपलेले आहे. कृतीच्या यादीत ज्याचा उल्लेख नाही ते बदललेले नाही, असे धरून चालायचे. शेकीने एक पेटी ढकलली तर बाकीच्या पेट्या होत्या तेथेच आहेत. हे गृहीत सोडले तर हिशोबच करता येत नाही, कारण मग प्रत्येक पावलानंतर जगातल्या प्रत्येक वस्तूची नव्याने चौकशी करावी लागेल. जॉन मॅकार्थी आणि पॅट्रिक हेज या दोघांनी १९६९ मध्येच या प्रश्नावर बोट ठेवले होते. काय बदलले हे सांगणे सोपे, काय काय बदलले नाही हे सांगताना दमछाक होते.

आणि जग तर आपल्याला न विचारता बदलते. येथे शेकीच्या गोष्टीतला मला सर्वांत आवडलेला प्रसंग येतो. १९७२ साली या मंडळींनी आपल्या कामाची एक फिल्म काढली. शेकी एक योजना आखतो आणि कामाला लागतो. तेवढ्यात गटातलाच एक माणूस अंगावर डगला चढवून भुतासारखा चोरपावलांनी येतो आणि शेकीच्या नकळत पेटी हलवून ठेवतो. मुद्दाम! आपल्या यंत्राचे काम बिघडवायला त्यांनी स्वतःच एक चकवा नेमला होता. आपण पाहुण्यांसमोर मुलाला पाढे म्हणायला लावतो, तेव्हा जो येतो तोच लावतो. या लोकांनी पाढा मध्येच तोडला आणि पुढे काय होते ते जगाला दाखवले.

शेकी अडखळला, पण थांबला नाही. याचे कारण हार्ट, फाइक्स आणि निल्सन यांनी त्याच वर्षी मांडलेला "त्रिकोणी तक्ता". योजनेतली पावले आणि प्रत्येक पावलाने निर्माण केलेल्या गोष्टी एका तक्त्यात अशा मांडायच्या की कोणते पाऊल कोणत्या आधीच्या पावलावर अवलंबून आहे हे नजरेत यावे. मांडणी पायऱ्या-पायऱ्यांची, म्हणून त्रिकोणी. पण तक्त्यापेक्षा तो वाचण्याची रीत महत्त्वाची. आपण योजना पहिल्या पावलापासून वाचतो. एक झाले, दोन झाले, आता तीन. शेकीचा अंमलबजावणी करणारा प्रोग्रॅम तक्ता शेवटाकडून तपासायचा. हवे होते ते आत्ता, या क्षणी, झालेलेच आहे का? असेल तर काम संपले. नसेल तर शेवटचे पाऊल आत्ता टाकता येईल अशी परिस्थिती आहे का? नसेल तर त्याच्या आधीचे? असे मागे येत येत जे पाऊल आत्ता टाकता येईल ते टाकायचे. ते झाले की पुन्हा शेवटाकडून तपासणी.

याचा परिणाम बघा. समजा योजना अशी आहे : दारातून पलीकडच्या खोलीत जा, पेटीपाशी जा, पेटी ढकलत अलीकडे आण. तुम्ही पेटीपाशी पोचला आणि चकव्याने पेटी दुसऱ्या कोपऱ्यात नेली. नुसता क्रम पाळणारे यंत्र तेथेच हवा ढकलत बसेल. शेकी तपासतो. पेटी अलीकडे आली का? नाही. मी पेटीपाशी आहे का? नाही. पेटीच्या खोलीत आहे का? आहे. मग दुसरे पाऊल पुन्हा टाक. उलट, कोणी दयाळू माणसाने पेटी आधीच अलीकडे आणून ठेवली असेल तर पुढची सगळी पावले गाळून शेकी मोकळा. आणि कोणतेच पाऊल टाकता येत नसेल, तर जुनी योजना फेकून आहे त्या परिस्थितीतून नवी आखायची. एका प्रयोगात पेटी उंच ओट्यावर होती आणि ती खाली ढकलायची होती. शेकीने आधी एक उतरती फळी ढकलत ओट्याला लावली, तिच्यावरून वर चढला आणि पेटी खाली लोटली.

आता थोडे घरचे सांगतो. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, शेवटची सहा वर्षे काचबिंदूने आंधळे झाले होते. आमचे घर जुने, डिचोली तालुक्यातले, मध्ये राजांगण असलेले. आप्पांनी सगळे घर पावलांत पाठ केले होते. खाटेपासून उंबरठा नऊ पावले, उंबरठ्यापासून राजांगणाचा खांब अकरा, तेथून न्हाणीघर सात. लोकांना कौतुक वाटायचे. चवथीच्या आदल्या दिवशी मी माटोळी बांधत होतो. वर चढायला पडवीतले बाकडे आत आणले, माटोळी बांधून झाली आणि बाकडे तसेच राहिले. नेमके अकरा पावलांच्या वाटेवर. आप्पा पडले, उजवे मनगट मोडले. ती चवथ त्यांनी प्लास्टरमध्ये काढली. मला एवढेच म्हणाले, "बाकडे हलवलेस तर सांगायचे तरी."

त्यांची योजना बरोबर होती. घर बदलले होते, आणि बदलणारा मी होतो.

पण शेकीबद्दल वाचल्यावर त्या प्रसंगातले मला आणखी काही समजले. आप्पा पावले मोजायचे हे खरे, पण प्रत्येक वेळी राजांगणाच्या खांबाला हात लावूनच पुढे जायचे. लहानपणापासूनची सवय असेल असे मला वाटे. ती सवय नव्हती. पाऊल कधी लहान पडते, कधी मोठे. नऊ आणि अकरा मिळून वीस पावलांत हातभर चूक सहज साचते. खांबाला हात लागला की साचलेली चूक पुसली जायची आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू व्हायची.

शेकीचेही अगदी हेच होते. चाके किती फिरली यावरून तो आपण कोठे आहोत याचा अंदाज करायचा. चाक घसरते, वळताना थोडे कमी-जास्त होते. म्हणून त्याच्या नोंदवहीत "मी येथे आहे" एवढेच नसायचे, "आणि माझी एवढी चूक असू शकते" हेही असायचे. प्रत्येक हालचालीबरोबर चुकीचा आकडा वाढायचा. तो ठरल्या मर्यादेपलीकडे गेला की शेकी थांबायचा, कॅमेऱ्याने भिंतीच्या तळाची पट्टी किंवा कोपरा बघायचा, स्वतःची जागा दुरुस्त करायचा आणि मगच पुढे जायचा. आपल्याला किती माहीत नाही याचा हिशोब ठेवणारे यंत्र! मला तरी यात फार मोठी गोष्ट दिसते. आमच्या कचेरीतल्या कोणत्याही रजिस्टरला असा रकाना नाही.

शेकीचे पुढे काय झाले? १९७० च्या नोव्हेंबरात "लाइफ" या प्रसिद्ध साप्ताहिकाने त्याच्यावर लेख छापला आणि त्याला पहिला इलेक्ट्रॉनिक माणूस म्हणून टाकले. वर्णन इतके फुगवलेले होते की संशोधकांनाच संकोच वाटला. प्रत्यक्षातला शेकी अतिशय मंद होता आणि आपल्या त्या खोल्यांबाहेर त्याला काही जमले नसते. पैसे देणाऱ्यांना उपयोगाच्या वस्तू हव्या होत्या. १९७२ मध्ये प्रकल्प बंद झाला. शेकी आज कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू येथे संगणक इतिहासाच्या संग्रहालयात उभा आहे. त्याच्यासाठी हार्ट, निल्सन आणि राफेल यांनी १९६८ मध्ये शोधलेली जवळची वाट काढण्याची रीत मात्र संग्रहालयात गेली नाही. "ए-स्टार" या नावाची ती रीत आणि तिची भावंडे संगणकावरच्या खेळांपासून रस्ता दाखवणाऱ्या नकाशांपर्यंत कामाला येत राहिली.

शेकीनंतर काही वर्षे निराशेची गेली. १९७९ साली स्टॅनफर्डमध्ये हान्स मोराव्हेक यांच्या गाडीने खुर्च्या ठेवलेली एक खोली स्वतः पार केली. अंतर सुमारे २० मीटर, वेळ सुमारे ५ तास. मीटरभर जायचे, थांबायचे, दहा-पंधरा मिनिटे विचार करायचा. एवढ्या वेळात बाहेरच्या जगात सावल्यासुद्धा सरकतात.

यावर रॉडनी ब्रुक्स या एमआयटीच्या संशोधकाने बंडच केले. योजना नको, डोक्यातला नकाशा नको, जग समोर आहे तर नकाशाला विचारता कशाला, असा त्यांचा १९८६ पासूनचा सूर होता. त्यांनी साध्या सवयींचे थर एकावर एक रचले. आपटू नकोस ही सर्वांत खालची सवय, भटकत राहा ही तिच्यावरची, नवे काही दिसले तर तिकडे जा ही त्याहून वरची. किड्यांसारखी यंत्रे खरोखर तुरुतुरु चालू लागली. ब्रुक्स ज्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, तिचा रूंबा हा घर झाडणारा रोबो २००२ मध्ये बाजारात आला आणि लाखो घरांत पोचला. पण नुसत्या सवयींवर "आधी हे, मग ते" असले लांबचे काम होत नाही. झाडूवाल्याला ते लागत नाही, पोस्टमनला लागते.

शेवटी आपल्याकडे घरात होतो तसा समझोता झाला. खाली चपळ सवयी, वर सावकाश विचार करणारा योजनाकार, आणि दोघांच्या मध्ये एक अंमलबजावणी करणारा. हा मधला म्हणजे कचेरीतला हेडक्लार्कच समजा. साहेबांचा हुकूम तोच, पण तो पार कसा पाडायचा, एक मार्ग बंद झाला तर दुसरा कोणता, किती वेळा प्रयत्न करायचा आणि साहेबांना परत कधी विचारायचे, हे सगळे त्याच्याकडे. त्रिकोणी तक्ता वाचणाऱ्या शेकीच्या प्रोग्रॅमचाच हा वंशज.

या रचनेची मोठी परीक्षा झाली ती पृथ्वीपासून कोट्यवधी किलोमीटर दूर. नासाचे डीप स्पेस वन हे यान ऑक्टोबर १९९८ मध्ये सुटले होते. मे १९९९ मध्ये त्याचा ताबा काही काळ "रिमोट एजंट" या प्रोग्रॅमकडे देण्यात आला. एक भाग योजना करणारा, एक पार पाडणारा आणि एक रोगनिदान करणारा. येथेही शास्त्रज्ञांनी चकवा नेमला होताच. त्यांनी मुद्दाम खोटे बिघाड घडवले. कॅमेरा बंद होत नाही, एक उपकरण उत्तर देत नाही, एक संवेदक खोटे सांगतो आहे, दिशा राखणारा एक छोटा झोत चालत नाही. प्रोग्रॅमने यातून वाटा काढल्या. पण गंमत अशी की जो बिघाड कोणी योजला नव्हता तो प्रोग्रॅमच्या पोटातूनच निघाला. त्याचे दोन भाग एकमेकांची वाट बघत अडून बसले. "आधी तू" "नाही, आधी तू"! पृथ्वीवरच्या चाचण्यांत हे दिसले नव्हते. प्रयोग थांबवावा लागला, कारण शोधले, आणि २१ मे रोजी दुसऱ्या खेपेला उरलेली उद्दिष्टे पुरी केली.

मंगळावर हाच धडा मातीने शिकवला. मंगळापर्यंत संदेश जायला, ग्रह कोठे आहेत त्याप्रमाणे, सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. त्यामुळे तेथल्या गाडीला पावलापावलाला सांगता येत नाही. दिवसाचे काम सकाळी पाठवायचे आणि ती ते कसे पार पाडते याची वाट बघायची. अपॉर्च्युनिटी ही गाडी जानेवारी २००४ मध्ये उतरली. एप्रिल २००५ मध्ये ती एका वाळूच्या उंचवट्यावर चढली आणि चाके रुतली. चाके फिरत होती, म्हणजे गाडीच्या हिशोबाने ती पुढे चालली होती. प्रत्यक्षात ती जागच्या जागी खोल जात होती. आप्पांची पावले आणि खांबाला न लागलेला हात! तिला बाहेर काढायला पाच आठवडे लागले. या गाड्यांना चित्रे जुळवून आपण खरोखर किती सरकलो हे पाहण्याची विद्या येत होती, पण तिला वेळ फार लागे, म्हणून सपाट जागी ती वापरत नसत. त्या प्रसंगानंतर मात्र लांबच्या प्रवासात मध्ये मध्ये थांबून घसरण तपासायची आणि ती जास्त निघाली तर पुढे न जाता थांबायचे, अशी रीत पडली. ९० दिवसांसाठी पाठवलेली ती गाडी २०१८ पर्यंत बोलत राहिली आणि ४५ किलोमीटर चालली.

आपल्या विक्रमची गोष्ट तर आपण सर्वांनी जागून पाहिली आहे. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चा विक्रम उतरत होता. शेवटची काही मिनिटे जमिनीवरून कोणी काही करू शकत नाही, सगळे यानानेच करायचे. २०२३ मध्ये इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ यांनी जाहीरपणे कारणे सांगितली. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त मिळाला, चुका साचत गेल्या, दुरुस्तीसाठी यानाला वेगाने वळता येईना, आणि उतरायची ठरलेली जागा जेमतेम ५०० मीटर लांब-रुंद होती. चांद्रयान-३ च्या वेळी विचारच उलटा केला. काय काय बिघडू शकते याची यादी करून प्रत्येक बिघाडात यान कसे वाचेल ते पाहिले. पाय मजबूत केले, इंधन वाढवले, वेग मोजायला लेसरचे नवे साधन बसवले, आणि उतरायची जागा सुमारे ४ किलोमीटर लांब, अडीच किलोमीटर रुंद केली. २३ ऑगस्ट २०२३ ला काय झाले ते सांगायला नको. मला त्यात जागा मोठी केली हे फार आवडते. नेम सुधारला, पण नेम चुकू शकतो हेही मान्य केले.

आपल्या गोव्यातही हे काम झाले आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (तिची स्थापनाही शेकीच्याच वर्षी, म्हणजे १९६६ ची) "माया" नावाचे पाण्याखाली स्वतः चालणारे छोटे यान तयार केले. पाण्याखाली रेडिओ फार खोल पोचत नाही आणि उपग्रहाकडून आपली जागाही कळत नाही. तेव्हा अशा यानाला अंदाजाने पोहायचे आणि वर आल्यावर उपग्रहाला विचारून जागा पक्की करायची, एवढेच हाती असते. म्हणजे पुन्हा राजांगणाचा खांबच.

हे सगळे वाचून झाल्यावर मला एक जुनी रात्र आठवली. कोठली, ते लिहीत नाही. पूरनियंत्रण कक्षात माझी रात्रपाळी होती आणि पाऊस थांबत नव्हता. पुराच्या वेळी काय करायचे याची छापील योजना टेबलावर होती, सही-शिक्क्यासह. पाणी वाढले तेव्हा मी यादीतला पहिला नंबर फिरवला. ते गृहस्थ दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेले. दुसरा नंबर बंद. तिसरा होडीवाल्याचा, त्याने होडी विकून टाकलेली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही, पण एका म्हाताऱ्या बाईच्या किराणा दुकानात कमरेइतके पाणी शिरले आणि तिचा सगळा माल गेला. चौकशीत मी लेखी दिले की योजनेनुसार कार्यवाही केली. ते खरेच होते. त्या बाईच्या दुकानाला त्याचा काही उपयोग नव्हता.

तेव्हापासून दर मे महिन्यात मी यादीतला प्रत्येक नंबर स्वतः फिरवून बघतो. कोणी सांगितलेले नाही, तशी नोंदही कोठे होत नाही. सहकारी हसतात. यादीत नावापुढे मी पेन्सिलीने तारीख लिहितो, म्हणजे ही माहिती किती जुनी आहे ते कळते. शेकीचा चुकीचा रकाना तो हाच, हे मला आता कळले.

आणि मुलीची गाडी? तिला मी शेकीची फिल्म दाखवली. डगला घातलेला माणूस पेटी हलवतो तेथे ती खूप हसली. मग गप्प बसली आणि वही घेऊन आली. आता तिची गाडी निघण्याआधी जागच्या जागी हलून पुठ्ठ्यावरचा उजेड मोजते, काळे कोणते आणि पांढरे कोणते ते दर वेळी नव्याने ठरवते. पट्टी हरवली तर सरळ धावत नाही. थांबते, थोडी मागे येते, डावी-उजवीकडे शोधते, आणि तीनदा शोधून सापडली नाही तर दिवा लावून उभी राहते. मी तिला विचारले, दिवा कशाला? म्हणाली, "कोणाला तरी कळायला नको का, हरवलेय ते?"

परवा ती गाडी राजांगणात फिरवत होती. मी मुद्दाम बाकडे आणून वाटेत ठेवले. गाडी थांबली, मागे आली, आणि दिवा लागला.